तात्यांच्या विरोधात

1997 सालची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. शाळू हुरड्याला आला होता आणि मी राखणीला रानात बसलो होतो. बांधाला जीप थांबली, एका पक्षाची चार माणसं उतरली. पक्षाचं नाव सांगत नाही. दुसरा पक्ष असता तरी हेच झालं असतं. हुरडा खाऊन झाल्यावर एकजण म्हणाला, "तात्यांच्या विरोधात तुम्ही उभं राहायचं. खर्चाचं आमच्याकडं."

तात्या आमच्या गटाचे जुने सभासद. मी दहावी झालो तेव्हाही तेच होते. मी विचारलं, "मीच का?" तर म्हणाले, "तुमची भावकी मोठी हाय. तुमचं वाईट कोण बोलत न्हाई. अन् ग्रामसभेत तलावाबद्दल तुम्हीच बोलला व्हता." तलावाचा नंबर तिसरा लागला, ते मला तेव्हाच खटकलं.

तलावाचं दुखणं खरं होतं. सांडव्याजवळ भिंत खचलेली. सगळं पाणी ओढ्यानं वाहून जायचं आणि खालच्या विहिरी कोरड्या राहायच्या. तात्यांना सांगून आम्ही थकलो होतो. पण बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईला खडी फोडायच्या कामावर तात्यांनीच लावलं होतं. मस्टरवर नाव लागलं म्हणून घरात चूल पेटली. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे. त्या माणसासमोर अर्ज कसा भरायचा? खाल्ल्या मिठाला जागावं, असं म्हणून मी हात जोडले. जीप निघून गेली. आपण फार मोठं काम केलं, असं मला वाटलं.

पण मी नाही म्हटल्यानं विरोध टळला नाही. पक्षानं चार दिवसांत दुसरा माणूस शोधला. त्याच्याकडं पैसा होता, जीपगाड्या होत्या. तलाव कुठल्या शिवारात आहे ते तरी त्याला ठाऊक होतं का, कोण जाणे. तात्या पडले. तलाव गळतच राहिला.

पक्षाचं काम बाजारात बैल बघितल्यासारखं असतं. दात बघायचे, खांदा बघायचा. कुणाला उभा केला तर समोरचा पडेल, एवढंच बघायचं. 1984 साली अलाहाबादला हेमवतीनंदन बहुगुणांसमोर काँग्रेसनं अमिताभ बच्चनला उभं केलं. बहुगुणा उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेले, मुरलेले पुढारी. अमिताभ लाखाच्या वर मतांनी निवडून आला आणि 1987 साली राजीनामा देऊन मोकळा झाला. पाडणारा मिळाला, पण पुढं लोकांचं काय?

म्हणून पक्ष का विचारतोय, ते सोडून द्यावं. आपण का उभं राहायचं, ते ज्याचं त्यानं बघावं. माझ्याकडं कारण होतं. ते उपकाराच्या गाठोड्याखाली दाबून टाकलं.

जुन्या माणसाला विरोध करणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आमच्या सांगोल्यात दोनच वर्षांपूर्वी, 1995 साली, गणपतराव देशमुख 192 मतांनी पडले होते. 1962 साली पहिल्यांदा आमदार झालेला आणि आमदार असून एसटीनं फिरणारा हा माणूस. शहाजीबापू पाटील समोर उभे राहिले, यात पाप काही नव्हतं. पडले म्हणून आबाही लहान झाले नाहीत. 1999 ला लोकांनी त्यांना परत निवडून दिलं आणि 2014 ला तर अकराव्यांदा.

निवडणुकीनंतर वर्षभरानं तात्या बाजारच्या दिवशी भेटले. चहा घेताना म्हणाले, "तुला इचारलं व्हतं म्हणं?"

"होय."

"मग न्हाई का म्हणालास?"

मी आईच्या मस्टरचं सांगितलं. तात्या बशीतला चहा तसाच धरून बसले. मग म्हणाले, "आरं, ते पैसं सरकारचं व्हतं. माझं कुठं व्हतं?" थोड्या वेळानं म्हणाले, "तू उभा ऱ्हायला असतास तर तलावाचं मला उत्तर तरी द्यावं लागलं असतं."

आईनं खडी फोडून मिळवलेली ती मजुरी मी तात्यांचे उपकार म्हणून पंचवीस वर्षं वागवली. त्यांचं कर्ज डोक्यावर आहे म्हणून गप्प बसलो आणि विहिरी कोरड्या पडलेल्या शेजाऱ्यांचं देणं मात्र विसरलो. त्यातला खरा कृतज्ञपणा किती आणि निवडणुकीची भीती किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. तात्या आता नाहीत. पण त्या ओढ्यावरून जाताना त्यांचं ते वाक्य आठवतं.