दयामरणातील दया कोणाची?



दरमहा या पानांवर आपण एक वचन समोर ठेवतो आणि त्याचा अर्थ रोजच्या वागण्यात कसा उतरावा याचा विचार करतो. या महिन्यात क्रम उलटा झाला. आधी प्रश्न आला, वचनांकडे नंतर जावे लागले.

श्रावणातील एका सोमवारी बेळगावच्या शहापूर भागातील एक अक्का दर्शनाला आल्या. घरी मागाचा व्यवसाय, स्वभाव मितभाषी. हातात वेताची टोपली होती. प्रसादाचे काही असेल असे वाटले. त्यांनी वरचा टॉवेल बाजूला केला, तेव्हा आत एक पांढरा ससा पडलेला दिसला. मुलगी शाळेत असताना तिने हट्ट करून आणलेला. मुलगी आता नोकरीसाठी पुण्याला आहे, ससा आईजवळ राहिला. वय नऊ वर्षे, नाव कापश्या.

मागचे पाय लुळे पडले होते. दाढा वाकड्या वाढून गालाला जखमा करीत होत्या. घासून घेतल्या तरी पुन्हा वाढत होत्या. जागेवरच लघवी होत असल्याने पोटाखालची कातडी सोलली होती. पंधरा दिवस अक्का त्याला सुई काढलेल्या सिरिंजने पातळ अन्न भरवीत होत्या. वेदनाशामक औषध चालू होते, पण त्याचा गुण आता येत नव्हता. डॉक्टरांनी शेवटी सांगितले की यापुढे उपाय नाही, इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे मोकळे करणे बरे.

अक्कांनी विचारले, “अप्पाजी, मी हो म्हटले तर ते पाप माझ्या माथी येईल का?” आणि थोडे थांबून पुन्हा विचारले, “आणि नाही म्हटले तर?”

वाचकहो, पहिला प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. दुसरा विचारणारी ही पहिलीच व्यक्ती. “पूजा आटोपू द्या, उद्या बोलू,” असे म्हणणे ओठावर आले होते. पण हेच उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मठात एक घोडी होती. पालखीपुढे चालायची. एका पावसाळ्यात दगडी नाल्यात तिचा पाय गेला आणि नडगीचे हाड मोडून बाहेर आले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की हा पाय जुळणार नाही, तिला त्रासातून सोडवा. मी म्हणालो, “मठाच्या आवारात हत्या होणार नाही. शिवाची जशी इच्छा असेल तसे होईल.” घोड्यासारखे जड जनावर एका कुशीवर पडून राहिले की त्याचे स्वतःचे वजनच त्याचा शत्रू होते. अंग खालून चिघळते, माश्या बसतात. पाच दिवस ती तशी पडून होती. तिची देखभाल करणारा वृद्ध सेवक रात्रंदिवस फडक्याने माश्या वारीत बसला होता. सहाव्या पहाटे ती गेली. तेव्हा तो एवढेच म्हणाला, “अप्पाजी, पाच दिवस तुम्ही पूजेत होता, मी तिच्यापाशी होतो.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अजून बोचते. मी हिंसा टाळली असे मला वाटत होते. वास्तविक मी फक्त ती पाहणे टाळले होते.

आता प्रश्नाकडे वळू. आपण म्हणतो, “निसर्गावर सोपवावे, देव नेईल तेव्हा नेईल.” परंतु पाळलेल्या सशाचे निसर्गाशी नाते उरले आहे काय? रानात पाय लुळा झालेला ससा संध्याकाळ पाहत नाही. कोल्हा किंवा घार त्याला नेते. कापश्या नऊ वर्षे जगला तो आपण दिलेल्या आसऱ्यामुळे, आणि शेवटचे पंधरा दिवस जगला ते औषधामुळे व सिरिंजमुळे. त्याने काय खावे, कोठे झोपावे, कोणते औषध घ्यावे, हे सारे आपण ठरविले. आयुष्यभराचे निर्णय स्वतः घेऊन फक्त शेवटचा निर्णय देवाच्या खांद्यावर टाकणे ही भक्ती नव्हे. न ठरविणे हेही एक ठरविणेच आहे. त्याची किंमत मात्र दुसरा जीव भरतो.

बसवण्णांनी बळीसाठी आणलेल्या मुक्या पशूची बाजू वचनातून घेतली, हे आपण जाणतो. तेथे पशू निरोगी होता आणि त्याचा जीव जात होता तो माणसाच्या फळासाठी. शरणांचा विरोध होता तो आपल्या लाभासाठी दुसऱ्याचा प्राण घेण्याला. येथे लाभ कोणाचा, हाच प्रश्न विचारायचा आहे.

संस्कृताच्या अभ्यासकांना एक गोष्ट ठाऊक असेल. ‘दया’ हा शब्द ‘दय्’ या धातूपासून आला. पाणिनीय धातुपाठात या धातूचे जे अर्थ दिले आहेत त्यांत देणे, जाणे, रक्षण करणे, घेणे यांच्या पंक्तीला हिंसा हाही अर्थ बसला आहे. व्याकरणावरून धर्म ठरवू नये, हे खरे. पण विद्यार्थिदशेत हे पाठ करताना मला ती चूक वाटायची, आता तो इशारा वाटतो. दया आणि हिंसा एकाच घरात राहू शकतात. कोण बोलते आहे, हे आवाज ऐकून ओळखावे लागते.

ही ओळख महात्मा गांधींना १९२८ साली साबरमती आश्रमात करून घ्यावी लागली. आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपाय संपले तेव्हा सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून गांधीजींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देवविले आणि त्याबद्दल आपल्या पत्रांतून उघडपणे लिहिले. देशभरातून त्यांच्यावर टीका झाली. वासराची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, पण त्याच लेखात त्यांनी पिके नासणाऱ्या माकडांचाही विचार केला होता. माकडांना मारले तर ते आपल्या फायद्यासाठी होईल, म्हणून ती हिंसाच ठरेल, असा त्यांचा निर्वाळा होता. प्राण घेण्याची कृती दोन्हीकडे एकच, पण एकीकडे मरणाऱ्याचे दुःख संपते आणि दुसरीकडे मारणाऱ्याचे.

म्हणून कसोटी ही, की मी कोणाचे दुःख संपवीत आहे?

ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते. “मी हिंसा करणार नाही,” असे म्हणणाऱ्याच्या आत पुष्कळदा वियोगाची भीती लपलेली असते. तसेच “मला त्याची दया येते,” असे म्हणणाऱ्याच्या आत कंटाळा, खर्च आणि रोजची साफसफाई लपलेली असू शकते. थकणे हे पाप नाही. पंधरा दिवस रात्री उठून भरविणारी बाई थकणारच. परंतु थकव्याला थकवा म्हणावे, दया म्हणू नये. थकलेल्याने आधी मदत मागावी, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, वेदनाशामक बदलून पाहावे, मऊ अंथरूण घालावे. मगच शेवटच्या गोष्टीकडे यावे.

सशाच्या बाबतीत आणखी जपावे लागते. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे दाखविले तर मारला जाईन, ही समज त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही. पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धवट मिटतो, करकर दात खातो, अंग चाटून स्वच्छ करणे सोडतो. तो गप्प आहे म्हणून सुखी आहे, असे समजू नये. उलट, घाईही करू नये. सशाने अर्धा दिवस खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर त्याचे आतडे मंदावलेले असते. तो तातडीचा प्रसंग होय, तेथे डॉक्टर गाठावा. वेळेवर उपचार झाल्यास पुष्कळ ससे त्यातून उठतात. निव्वळ म्हातारपण हाही आजार नव्हे. घरातला ससा साधारण आठ ते बारा वर्षे जगतो.

मग वेळ आली हे ओळखावे कसे? अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस विलालोबोस यांनी सात गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. वेदना आवरली आहे का, भूक आहे का, पाणी पोटात जाते का, अंग स्वच्छ राहते का, आनंद दिसतो का, हालचाल होते का, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. प्रत्येकाला १० पैकी गुण द्यावेत. ७० पैकी ३५ च्या वर बेरीज राहिली तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. आकड्याने धर्म ठरत नाही, पण आकडा मनाला फसवू देत नाही. ही नोंद मन शांत असताना सुरू करावी आणि घरातील सर्वांनी मिळून करावी. अनुभवमंटपाची रीत हीच नव्हती काय, की प्रश्न सर्वांसमोर ठेवावा आणि लहानाचेही ऐकावे?

आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही, जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशी अवस्था असू शकते, हे मान्य केले आहे. माणसाची गोष्ट निराळी. तो बोलू शकतो, त्याचे नियमही निराळे. तो विचार येथे आणू नये.

एक मात्र निक्षून सांगतो. हे काम पशुवैद्याचेच आहे. आधी गुंगी, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, असा त्याचा क्रम असतो. “मारायला नको” म्हणून आजारी जनावर शेतात किंवा रस्त्यावर सोडून येणे ही सर्वांत मोठी क्रूरता होय.

त्या सोमवारी आम्ही ओसरीवर बसून कापश्याचे गुण मांडले. बेरीज अकरा झाली. अक्कांनी मुलीला फोन लावला. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “आई, त्याला मांडीवर घे.” मला वाटले, हीच परवानगी.

पापाबद्दल मी त्यांना म्हणालो, “अक्का, त्याच्यासाठी करीत असाल तर भिऊ नका. पण पुण्य केले असेही समजू नका. थोडे दुखत राहील, ते राहू द्या.” ज्याला काहीच दुखत नाही, त्याच्या हाती असा निर्णय देऊ नये.

दुपारची पूजा मी शिष्यावर सोपविली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. कापश्या त्यांच्या मांडीवर होता. गुंगी चढली तसे त्याचे दात खाणे थांबले. किती दिवसांनी थांबले, असे अक्का म्हणाल्या. पुढचे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात सारे संपले. संध्याकाळी परसातल्या पारिजातकाखाली त्यांनी त्याला पुरले.

परतताना मला तो वृद्ध सेवक आठवला. तो आता लिंगैक्य झाला आहे. त्याला सांगावेसे वाटले की या वेळी मी पूजेत नव्हतो.

शरणु शरणार्थी.