सिंहासनाचा इस्लाम आणि सिदी मूमेनची पोरे

दहशतवादावरची आपली चर्चा स्फोटापासून सुरू होते आणि फाशीपाशी संपते. विशीतल्या पोराच्या डोक्यात तो विचार शिरतो कसा आणि काढायचा कसा, याला फार तर एखाद्या परिसंवादाची दुपार मिळते. मोरोक्कोच्या राजवटीने मात्र या प्रश्नात सरकारी तिजोरी आणि राजाची प्रतिष्ठा दोन्ही घातली, म्हणून तो देश नीट पाहावा.

१६ मे २००३ च्या रात्री कॅसाब्लँकात पाच ठिकाणी आत्मघाती हल्ले झाले. हल्लेखोरांसह ४५ माणसे मेली. मारणारे परदेशी नव्हते, त्याच शहराच्या कडेच्या सिदी मूमेन या झोपडवस्तीतले होते. लगोलग कडक कायदा आला, धरपकड झाली, कोठडीतल्या छळाच्या तक्रारीही आल्या. इथवर सगळे नेहमीचेच.

नेहमीचे नव्हते ते पुढचे. बायकांना हक्क देणाऱ्या कौटुंबिक कायद्याविरुद्ध २००० साली याच शहरात इस्लामवाद्यांनी प्रचंड मोर्चा काढला होता आणि सरकारने माघार घेतली होती. स्फोटांनंतर तेच विरोधक बचावाच्या पवित्र्यात गेले आणि २००४ साली नवा कायदा मंजूर झाला. मुलीच्या लग्नाचे वय १८, तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली, दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी. न्यायाधीशांनी अपवादांची दारे पुढे बरीच सैल ठेवली, ते वेगळे. राजा सहावा महंमद यांनी समर्थन केले ते कुराण-हदीसच्या आधाराने. ते 'अमीर अल्-मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचे नेते. त्यांना धर्म शिकवणार कोण?

इथे मराठी वाचकाला हमीद दलवाई आठवणारच. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन ते मुंबईत विधिमंडळावर गेले, तेव्हा मागण्या याच जातीच्या होत्या. त्यांच्यामागे ना तख्त होते ना मशिदीतले व्यासपीठ. ग्रंथात आधार शोधत न बसता त्यांनी समान नागरिकत्वाच्या नावाने बोलायचे ठरवले आणि त्याची किंमत मोजली. राजाचा मार्ग झपाट्याचा, हे मान्य. पण त्यात प्रश्न विचारण्याचा हक्क राजाकडेच राहतो.

२००६ साली पन्नास 'मुर्शिदा' तयार झाल्या. मशिदीत, तुरुंगात, शाळांत जाऊन बायका-मुलांशी बोलणाऱ्या या प्रशिक्षित धर्मोपदेशिका. नमाजाचे नेतृत्व त्यांना नाही, तरी आईच्या स्वयंपाकघरापर्यंत इमामापेक्षा त्याच पोचतात. २०१५ साली रबातमध्ये इमामांची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. माली, गिनी, फ्रान्सहूनही विद्यार्थी आले. माझ्या मते या सगळ्यात मुर्शिदांचा प्रयोग अस्सल. बाकी बरेचसे संमत इस्लामचे वाटप आहे.

ते कुठे अडते, हे २०१६ साली दिसले. जहाल मजकूर गाळायला म्हणून धर्मशिक्षणाची पुस्तके नव्याने लिहिली गेली, आणि त्यांतल्याच एकात तत्त्वज्ञान म्हणजे मूर्खपणा आणि अधःपतन, असे एका मध्ययुगीन पंडिताचे मत छापून आले. तत्त्वज्ञानाचे शिक्षक निषेधाला उतरले. ज्या मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये ११९८ साली तत्त्वज्ञ इब्न रुश्द वारला, तिथली ही गोष्ट! त्याची पुस्तकेही त्याच्या हयातीतच जाळली गेली होती, म्हणा. जहाल मौलवी पोराला एक बंद उत्तर देतो. सरकारने दुसरे बंद उत्तर दिले, तर पोराने दोहोंतले जास्त तापलेले निवडावे यात नवल काय? सीरियात लढायला मोरोक्कोतून दीड हजारांहून अधिक जण गेलेच.

खुद्द सिदी मूमेनमध्ये काय चालले आहे, ते मला अधिक मोलाचे वाटते. माही बिनबिन यांनी त्या हल्लेखोर पोरांवर कादंबरी लिहिली, नबील अय्यूश यांनी तिच्यावर २०१२ साली चित्रपट केला. दोघांना तिथेच थांबता आले असते. २०१४ साली त्यांनी त्या वस्तीत सांस्कृतिक केंद्र काढले: नाच, संगीत, नाटक, भाषांचे वर्ग. पुढे टँजियर, अगादीर, फेस इथेही तशी केंद्रे निघाली. तिथे चांगला इस्लाम कोणता, हे कोणी शिकवत नाही. हिपहॉपच्या वर्गात मुली असतात, मुलगेही असतात, आणि कोणाच्या घरून विरोध झाला तर त्या घरी जाऊन बोलावे लागते.