दहावा ऐकणारा

वेदान्तात दहाव्या माणसाची गोष्ट आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात, कोणी वाहून तर गेलं नाही ना म्हणून मोजायला लागतात, आणि मोजणारा स्वतःला सोडून मोजत असल्यामुळे गणती नऊवरच थांबते. रडारड सुरू होते. शेवटी एक वाटसरू सांगतो, अरे, दहावा तूच. विद्यारण्यांनी ‘पंचदशी’त या गोष्टीचा आधार घेऊन ज्ञान म्हणजे काय ते उलगडलं आहे. कपाटात वर्षानुवर्षं न वाजता पडलेले रॉक आणि पंकचे अल्बम पुन्हा सापडतात, तेव्हा नेमकं काय सापडतं, याचं उत्तर मला याच गोष्टीत दिसतं. संग्राहक रेकॉर्डी मोजतो, कॅसेटी मोजतो, कुठली प्रत दुर्मीळ तेही त्याला पाठ असतं. अल्बम जागेवरच असतात. मोजायचा राहतो तो ऐकणारा.

डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडचं उदाहरण घ्या. हॅकनी आडनावाच्या तीन भावांनी 1975 साली, पंक हे नाव रुळण्याआधी, त्या धाटणीची गाणी ध्वनिमुद्रित केली. 1976 मध्ये एका रेकॉर्डीच्या 500 प्रती निघाल्या आणि विषय संपला. टेपा माळ्यावर पडून राहिल्या. भावांपैकी डेव्हिड 2000 साली वारला, आणि अल्बम निघाला 2009 मध्ये. मधल्या 34 वर्षांत त्या टेपांवर एकही नवा सूर चढला नव्हता. आपल्याकडे मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन 77’ ही रेकॉर्ड 1981 मध्ये आली; पुढे एका अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली. संगीत तेच होतं, कान नंतर आले.

कोणी म्हणेल, हा सगळा तारुण्याच्या आठवणींचा खेळ आहे. पण आठवण चिकटते ती पुन्हा पुन्हा ऐकलेल्या गाण्याला. ज्या कॅसेटची बी बाजू कधी लागलीच नाही, तिला चिकटायला आठवण आणायची कुठून? म्हणूनच दुर्लक्षित अल्बम ही ऐकण्याची जास्त खरी परीक्षा आहे. दुसरा आक्षेप असा की अशा ऐकण्याला श्रवण म्हणावं, तर तो शब्द भक्तीचा, पंकच्या आरडाओरड्याला लावायचा कसा? पंकला मी भक्ती म्हणत नाही. पण आवाज खडबडीत म्हणून ऐकण्याच्या लायकीचा नाही, हे वऱ्हाडाने तरी म्हणू नये. इथल्याच गाडगेबाबांचं 1956 मधलं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्यात गळ्याची कारागिरी नाही. माणसांना थेट विचारलेले प्रश्न आहेत, आणि समोरच्या गर्दीला उत्तर द्यावंच लागतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र गाडगेबाबांच्याच जगण्यातून येतो. धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाने स्वतःजवळ ठेवलं काय, तर एक गाडगं आणि अंगावर चिंध्या. मग रेकॉर्डींनी भरलेलं कपाट हा परिग्रहच नव्हे का? न ऐकलेली रेकॉर्ड हा परिग्रहच आहे, हे मी सरळ मान्य करतो. ऐकलेल्या रेकॉर्डीचं तसं नाही. पोथीचंच पाहा: वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याच्या घराघरांतून ‘गजानन विजय’ वाचला जातो. अध्याय 21 आहेत, ते वाढत नाहीत, कथाही ठाऊक असते. तरी ‘हे तर वाचून झालं’ म्हणून कोणी पोथी बांधून कायमची माळ्यावर टाकत नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ भक्तींची सुरुवात श्रवणाने होते, आणि वेदान्तात श्रवणानंतर मनन येतं. मनन म्हणजे ऐकलेल्याकडे पुन्हा वळणं. नवं काही आणायची गरज तिथे नसतेच.

एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. ती संपली की सुई मधल्या कोऱ्या खाचेत खरखरत फिरत राहते. कोणाला तरी उठून रेकॉर्ड उलटवावी लागते. ज्यांच्या कपाटात असे अल्बम पडून आहेत, त्यांनी या रविवारी एकच काढावा आणि दोन्ही बाजू हातातलं काम बाजूला ठेवून ऐकाव्यात. त्यानंतरही जो ठेवावासा वाटणार नाही, तो ऐकणाऱ्या माणसाला देऊन टाकावा.