दादूला ठाऊक आहे, तरी होत नाही

ओतूर

चि. सौ. माई,

परवा फोनवर तू म्हणालीस, दप्तर कसं भरायचं ते दादूला तोंडपाठ आहे, तरी रोज एखादी वही घरी राहतेच. तुझ्या सासूबाई म्हणतात, त्याला सगळं समजतं, मुद्दाम करतो. समजतं, हे त्यांचं खरं. मुद्दाम करतो, हे मला पटत नाही. माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी ते हातून घडणं वेगळं.

हातातलं काम संपेपर्यंत डोक्यात धरणं, मनात आलं तरी क्षणभर थांबणं, बेत बदलला की त्याप्रमाणे वळणं, वेळेचा अंदाज घेऊन कामाला लागणं, हा सगळा कारभार मुख्यतः कपाळामागचा मेंदू पाहतो. जाणकार याला कार्यकारी कौशल्यं म्हणतात. ती कुणाचीच एकदम पिकत नाहीत, विशीच्या पुढेही पिकत राहतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणं, हे ज्या मुलांत असतं त्यांच्यात त्याहून उशीर होतो. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षाच्या आसपास पुरी होत होती, या मुलांत साडेदहाव्या. वाढीचा क्रम तोच, फक्त उशिराने. ही सरासरी आहे, दादूला तशीच लावू नकोस. पण नऊ वर्षांच्या पोराला ‘एवढा मोठा झालास’ म्हणताना ती आठव.

मोबाइलवर तासन्‌तास बसतो तो कसा, असं दादूचे बाबा विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोबाइलवर प्रत्येक क्षणाला काहीतरी हाती लागतं, तिथे त्याला मन खेचून धरावं लागत नाही. पाढ्यांचं फळ सहामाहीला मिळणार, तेवढ्या लांबच्या गोष्टीसाठी स्वतःला कामाला जुंपणं हेच त्याला जड जातं.

म्हणून वही राहिली की संध्याकाळी त्याला बोलून उपयोग नाही, माई. मदत कामाच्या जागी आणि कामाच्या वेळी हवी. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचं. दारावर त्याच्याच हातची चित्रं: वही, डबा, पाण्याची बाटली. एका वेळी एकच काम सांग, लांबून ओरडून नको, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. दहा मिनिटं अभ्यास, मग अंगणात एक फेरी. आणि जमलं की त्याच क्षणी कौतुक. आपल्याकडे टोमॅटोला तार-बांबू करतात, म्हणून रोपाला कुणी आळशी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला रात्री झोपू देत नाही. तुमचं घर उसाला लागून आहे. आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या काही नवा नाही, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. अंधारात एकट्यानं बाहेर पडायचं नाही, हे दादू तुला घडाघडा म्हणून दाखवेल. पण चेंडू उसाकडे गेला की नियम आठवण्याआधी त्याचे पाय धावतील. तेव्हा ‘सांगून ठेवलंय’ यावर विसंबू नकोस. दिवस मावळायच्या आत चेंडू आणि सायकल घरात आणा. दाराची कडी त्याचा हात पोचणार नाही इतकी वर लावून घ्या. लघवीला बाहेर जायचं तर सोबत मोठं माणूस आणि बॅटरी. हे लाड नव्हेत. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी थांबण्याची सोय घरानं करायची असते.

आता डॉक्टरांचं. एडीएचडी आहे की नाही हे आपण घरी ठरवायचं नाही, मीही नाही. आधी कान, डोळे, झोप, रक्त तपासून घे. वाचनातच अडचण आहे का तेही पाहावं लागेल, कारण ती अडचण आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असू शकतं. एडीएचडीची लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे निदान सहा महिने दिसतात का आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आहेत का, हे तज्ज्ञ विचारतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत एडीएचडीही आहे. ते कधी येणार हे शाळेतल्या बाईंना विचार, किंवा सरळ औंधच्या जिल्हा रुग्णालयात चल. आधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. गोळीचं नाव काढलं तर लगेच घाबरू नकोस. मेथिलफेनिडेट हे गुंगीचं औषध नव्हे. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीवर डॉक्टर लक्ष ठेवतात. ते द्यायचं की नाही हे त्यांच्याशी बोलून ठरवा. अंगारे-धुपारे मात्र करू देऊ नकोस, त्यात पोराचं वर्ष जातं.

आणि जावईबापूंना दोष देऊ नकोस. मोटार चालू करून विसरणं, बिलाची तारीख हुकणं, चार कामं अर्धवट ठेवणं, हे तू लग्नापासून सांगत आलीस. एडीएचडी बऱ्याचदा घराण्यातून येतं आणि मोठेपणीही अनेकांत राहतं. डॉक्टरांना त्यांच्याबद्दलही सांग. कदाचित दादूची तगमग घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळेल.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी मंचरला येते. दादूच्या बाईंना आपण दोघी भेटू. पहिल्या बाकावर बसवा आणि गृहपाठ फळ्यावर लिहिलेला त्याच्या वहीत उतरला का तेवढं पाहा, एवढंच मागू. तोवर तो कुठल्या वेळी, कशावरून बिथरतो ते एका वहीत लिहून ठेव.

तुझी,
आत्या