दिवसाला धरून राहणे

नोकरी गेलेला माणूस असो, घरातल्या दीर्घ आजारपणाने थकलेली बाई असो, नाहीतर पीक हातचे गेलेला शेतकरी असो, आपण सगळ्यांना एकच सल्ला देतो: सकारात्मक राहा. त्यामागे माया असते. तरीही तो ऐकणाऱ्याची पंचाईतच करतो. संकट होतेच, आता ‘मला साधे हसतमुख राहणेही जमत नाही’ हा आणखी एक दोष त्याच्या पदरी पडतो. मन हुकुमाने उल्हसित होत नाही. म्हणून मला वाटते, मनाचा विचार थोडा बाजूला ठेवावा आणि वाईट काळात तगलेल्या माणसांनी दिवसभर काय केले, ते पाहावे.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. वय पन्नाशीपुढचे, त्यात मधुमेह. सुटे कागद आणि शाई यांना बंदी होती. पाने मोजून बांधलेल्या वह्या आणि शिसपेन्सिली तेवढ्या मिळत. त्यांवर १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्या’चा मसुदा लिहून काढला. पाली, जर्मन, फ्रेंच यांचा अभ्यासही त्यांनी तुरुंगातच केला. जून १९१२ मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ती बातमी त्यांना कोठडीत मिळाली आणि सुटकेला अजून दोन वर्षे होती. टिळक त्या काळात आनंदात होते, असे कोणी म्हणू धजणार नाही. पण रोज सकाळी त्यांच्यासमोर वाचायचे आणि लिहायचे काही ना काही ठरलेले होते.

टिळकांची गोष्ट वेगळी, आपण सामान्य माणसे, असे यावर कोणी म्हणेल. म्हणून मला या बाबतीतले खरे गुरुकुल वाटते ते महाराष्ट्राच्या खेड्यांतले जाते. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात असे, आणि दळण सरेपर्यंत ओव्या चालत. त्यांत माहेर, भाऊ, लेकरे, पंढरीचा विठ्ठल येत. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, वांझपणाचे टोमणे, पोटचे मूल गेल्याचे दुःखही येई. चारचौघांत जे बोलण्याची सोय नव्हती, ते जात्यापाशी बोलता येत होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून अशा ओव्या गोळा करून घेतल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला.

जात्याचे कष्ट गोड होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पीठगिरणी आली आणि बायांच्या खांद्यांवरचे मोठे ओझे उतरले. पण त्या पहाटेत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: हाताला काम, दुःखाला त्याच्या नावाने बोलण्याची मुभा, आणि ते ऐकायला समोर दुसरी बाई. यातल्या कोणत्याही बाईला दुःख लपवून गोड चेहरा करावा लागला नाही. आजच्या आपल्या सकारात्मकतेत नेमकी ही मुभाच नाही, आणि म्हणून ती मला पोकळ वाटते.

ऐकणारा माणूस किती मोलाचा, याची साक्ष तुरुंगांनीही दिली आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, अशी अठरा प्रवचने झाली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली. पुढे नाशिकच्या तुरुंगात गुरुजी सोबतच्या बंदिवानांना आईच्या आठवणी सांगत. फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ तिथेच लिहिली गेली.

हाताला काम असण्याच्या मोलाला मानसोपचाराचा अनुभवही दुजोरा देतो. उदास माणूस म्हणतो, बरे वाटले की कामाला लागेन. पण काहीच न करता पडून राहिल्याने बरे वाटायची वेळ आणखी लांबते. हे दुष्टचक्र पीटर लेविन्सोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडले. त्या विचारातून आलेल्या ‘बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन’ या उपचारात आधी कृती ठरवतात. ठरल्या वेळी उठणे, आंघोळ, थोडे चालणे, एका माणसाला भेटणे, इतक्या लहान कृती. मनाची उभारी मागून येते. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच गुण नुसत्या या कृतीच्या भागानेही येतो.

मात्र दिनक्रमाने सगळे सुटते, असे सांगणे खोटेपणाचे होईल. सावकाराचे कर्ज पहाटे उठल्याने फिटत नाही. त्याला हमीभाव, पीकविमा आणि माणुसकीने वागणारी बँक लागते. या गोष्टी ज्यांनी द्यायच्या, त्यांनी शेतकऱ्याला सकारात्मकतेची व्याख्याने देऊ नयेत. आणि ज्या साने गुरुजींनी तुरुंगात इतरांना आधार दिला, त्यांनीच ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य संपवले. इतका प्रेमळ, इतका कामसू माणूसही निराशेपुढे एकटा पडू शकतो. त्याला कमकुवत ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत कोणी अडचणीत असेल तर उपदेश घरी ठेवून जा. त्याच्यासोबत भाजी निवडा, बँकेत किंवा दवाखान्यात सोबत चला, आणि तो बोलू लागला तर मध्ये न बोलता ऐका. आठवडेच्या आठवडे उठणे, जेवणे, झोपणेही जमत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असल्याचे तो बोलत असेल, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, तो दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.