ठरावाने वाढणारी जमिनीची किंमत

शहराच्या विकास आराखड्यात एखादी जमीन शेती विभागातून किंवा हरित पट्ट्यातून रहिवासी विभागात येते, तेव्हा तिची माती, तेथील पाणी आणि रस्ता यांत तसूभरही फरक पडलेला नसतो. तरीही तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. ही वाढ मालकाच्या कष्टातून नव्हे, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये पालिका आणि राज्य शासन यांना मिळालेल्या अधिकारातून होते आणि म्हणूनच तिच्यावर शहराचाही हक्क पोहोचतो, हा मुद्दा घनतेच्या वादात सहसा मागे पडतो. वाद अडकतो तो चटईक्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल या आकड्यात.

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांपैकी जी २३ गावे पालिकेत राहिली, त्यांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण टाकण्यात आले. तेथे ४ टक्के बांधकामाला मुभा द्यावी की मुळीच देऊ नये, यावर सर्वसाधारण सभेत आणि सभेबाहेर वर्षानुवर्षे रण माजले आणि शासनाची मंजुरी मिळायला २०१५ साल उजाडले. ४ टक्के म्हणजे एका हेक्टरवर ४०० चौरस मीटर. पण बंगल्यामागोमाग रस्ता येतो, रस्त्यासाठी उतार कापला जातो, जलवाहिनी वर चढवावी लागते आणि पावसाळ्यात त्या कापलेल्या उताराचे पाणी-माती खालच्या वस्तीत उतरते. एवढे करून घरे मिळणार ती मोजक्या धनिकांना. टेकडी जाते आणि घरटंचाई तशीच राहते. म्हणून आरक्षण योग्यच होते. मोबदला मात्र योग्य नव्हता. मालकाला जमिनीच्या अवघ्या ८ टक्क्यांइतका हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे शहरात अन्यत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ करण्यात आला; मैदान वा शाळेच्या आरक्षणात याहून कितीतरी अधिक मिळत असताना टेकडीच्या मालकाने हे मुकाट्याने सोसावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे, आणि अशा अन्यायातूनच गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या जाऊन अनधिकृत घरे उभी राहतात.

टेकडी राखावी असे म्हणणाऱ्यांनी मग माणसे कोठे राहणार याचेही उत्तर द्यायला हवे, आणि ते प्रामाणिकपणे दिले तर घनतेला सरसकट विरोध करता येत नाही. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत निर्देशांक देण्याचे धोरण तत्त्वतः बरोबर आहे, कारण तेथे माणूस वाहनावाचून कामावर पोहोचू शकतो. परंतु त्याच परिघात सहा मीटरची गल्ली, जुनी मलवाहिनी आणि टँकरवर भागणारी सोसायटी असेल, आणि नव्या इमारतीतली घरे ऐपतदारांपुरतीच मोठी असतील, तर शेजाऱ्यांची हरकत स्वार्थी ठरवून झिडकारता येणार नाही. विभागबदलाचा ठराव मांडतानाच किती छोटी घरे होतील, पाणी कोठून येईल, कोणता रस्ता आधी रुंद होईल आणि वाढलेल्या किमतीतला किती भाग त्याच प्रभागात खर्च होईल, हे लेखी स्वरूपात सभागृहासमोर यायला हवे.

प्रत्यक्षात घडते ते निराळे. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. सभेने मुदतीत निर्णय न घेतल्याने २०१५ मध्ये शासनाने तो आपल्याकडे घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. नगरनियोजन हा ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी नोंदवलेला विषय असूनही अंतिम शब्द मंत्रालयाचाच राहिला. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ उरतेच: आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल करण्याची ही तरतूद एकेका भूखंडासाठी वापरली जाते आणि हरकतीसाठी जेमतेम महिनाभर मिळतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर पुढील काही वर्षे आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच, आणि ज्या गल्लीत माणसे वाढणार होती तिच्या वतीने प्रश्न विचारणारे सभागृहात कोणीही नव्हते.