आग विझल्यानंतरचे पाणी

जरा निवांत बसा. मांडी घालायला हवी असे नाही. खुर्चीत असाल तर तळपाय जमिनीला टेकवा. हातातला फोन थोडा वेळ उपडा ठेवा. एका कारखान्याला आग लागली, ती विझली, बंब परत गेले, बातमी जुनी झाली आणि आवारात काळे पाणी साचून राहिले. आज त्या पाण्याचे मनन करायचे आहे. सावकाश करायचे आहे, कारण घाईने पाहिले की ज्वाळांपलीकडे नजर जात नाही.

आधी श्वास. तो कसा येतो, कसा जातो, एवढेच पाहा.

नाशिक जिल्ह्यात श्वासाकडे पाहायला शिकवणारी एक मोठी जागा आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून देशोदेशीची माणसे येतात, दहा दिवस मौन पाळतात आणि सुरुवातीचे दिवस नाकपुडीपाशी होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शाखेरीज दुसरे काही करत नाहीत. याच तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गालगत, मुंढेगावला जिंदाल पॉलिफिल्म्सचा कारखाना आहे. 21 मे 2025 रोजी, दिवस उजाडायच्या आत, तिथे आग लागली. दोन दिवस उलटले तरी ती धुमसत होती. काळ्या धुराचे लोट लांबून दिसत होते आणि जवळच्या वस्त्यांमधल्या लोकांना घरे सोडून जावे लागले. याच कारखान्यात 1 जानेवारी 2023 ला स्फोट होऊन आग भडकली होती. तेव्हा कामगारांचे जीव गेले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कामावर गेलेली माणसे होती ती. त्यांच्यासाठी क्षणभर थांबा. पुढे वाचायची घाई नाही.

आता पुढचा श्वास घेताना मुंढेगावच्या आसपासच्या एखाद्या घरात स्वतःला ठेवून पाहा. मे महिना, उकाडा, दारे-खिडक्या उघड्या, अंगणात टाकलेली खाट. झोपेतल्या माणसाला श्वास निवडता येत नाही. जळणाऱ्या प्लॅस्टिकच्या धुरात काजळीचे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि त्याच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पीव्हीसी जळत असेल तर घसा जाळणारे आम्ल आणि डायॉक्सिन तयार होते. डायॉक्सिन मातीत, चाऱ्यावर बसते, चाऱ्यातून जनावराच्या चरबीत आणि दुधात उतरते. धूर विरतो तेव्हा आकाश निवळते, पण त्यातले जड ते सगळे खाली कुठेतरी बसलेले असते.

घरात वेफर्सचे किंवा बिस्किटांचे पाकीट असेल तर ते हातात घ्या. रिकामे असले तरी चालेल. बाहेरून रंगीत, आतून चंदेरी. आतला तो चकाकणारा थर ॲल्युमिनियमचा आहे, आणि तो इतका पातळ की सूर्यासमोर धरला तर काही पाकिटांतून उजेड झिरपताना दिसतो. बोटांनी चोळा, फाडून पाहा. थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की हाताने सुटत नाहीत, आणि यंत्रानेही ते वेगळे करणे परवडत नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिप्रोपिलीनच्या अशा पातळ फिल्म्स बनवणे हाच मुंढेगावसारख्या कारखान्यांचा धंदा आहे. आपला भंगारवाला रद्दी घेतो, पत्रा घेतो, दुधाची पिशवीसुद्धा घेतो. हे पाकीट तो घेत नाही. ते काही क्षण हातात असू द्या. आपले आणि त्या आगीचे नाते जुळते ते इथे.

जे भंगारवाला घेतो, ते जाते कुठे? नाशिककरांना अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार ठाऊक आहे. औद्योगिक वसाहतीतून निघालेले पिंप, तेलकट चिंध्या, तारा, प्लॅस्टिकचे गठ्ठे, जुन्या बॅटऱ्या असे सगळे पत्र्याच्या गाळ्यांत दाटीवाटीने रचलेले. 2017 च्या जानेवारीत महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो बाजार हटवला. गाळे पुन्हा उभे राहिले. तिथे आगी लागत आल्या आहेत. मला त्या धंद्यातल्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. आपण टाकलेले निवडून ते पुन्हा वापरात आणतात आणि शहराच्या डोक्यावरचे ओझे हलके करतात. म्हणूनच त्यांना पत्र्याच्या गाळ्यात, पाण्याच्या सोयीशिवाय, कशात काय मिसळले आहे हे माहीत नसताना काम करायला लागावे, याचा राग येतो. पुनर्वापर हे पुण्याचे काम आहे असे आपण मुलांना शिकवतो, आणि ते काम शहरातल्या सर्वात धोक्याच्या जागेत ढकलतो.

सातपूर-अंबडच्या त्या पट्ट्याचे पाणी नंदिनीत उतरते. जुनी माणसे तिला नासर्डी म्हणतात. ती पुढे टाकळीला गोदावरीला मिळते. त्याच संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले, रोज पाण्यात उभे राहून जप केला, असे सांगतात. आजच्या नंदिनीच्या काठी उभे राहून त्या पाण्याचा विचार करा. 2027 च्या सिंहस्थात लाखो लोक ज्या गोदावरीत डोके बुडवतील, तिला ही नदी आपले सगळे देणे देऊन मोकळी होते.

आता पाण्याकडे वळू. इथे थोडे जास्त थांबायचे आहे.

एका मोठ्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी मावते. मोठ्या आगीत असे बंब फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. दहा फेऱ्या धरल्या तरी पंचेचाळीस-पन्नास हजार लिटर झाले, आणि दोन दिवस चालणाऱ्या आगीत दहा फेऱ्यांनी काय होते? त्यातले काही वाफ होऊन जाते. उरलेले जळक्या ढिगातून झिरपत खाली येते आणि येताना वाटेत जे भेटेल ते घेऊन येते: काजळी, वितळलेल्या मालाचे अंश, यंत्रांमधले तेल, गोदामातली रसायने, फेस. काही अग्निशामक फेसांत फ्लोरिनची अशी संयुगे असतात, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. जवानांनी जीव धोक्यात घालून मारलेले पाणी आग विझवते, आणि विझवता विझवता स्वतः विष होते. त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. ते पाणी कुठे अडवायचे, हे आग लागण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवायला हवे होते.

जगाने हा धडा एका रात्रीत घेतला आहे. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे 1,350 टन रसायने, त्यांत मुख्यत्वे कीटकनाशके होती. आग काही तासांत आटोक्यात आली. पण विझवायला वापरलेले पाणी उतारावरून ऱ्हाइन नदीत गेले. नदी लाल झाली आणि पुढे शेकडो किलोमीटर ईल मासे मरून तरंगत राहिले. ज्या शहरांनी ज्वाळा पाहिल्याही नव्हत्या, त्यांना नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून ऱ्हाइनसाठी कृती कार्यक्रम ठरवला, आणि कारखान्यांच्या आवारात आगीचे पाणी अडवणारे हौद बांधणे हा तिथला रिवाज झाला.

आपल्याकडचा उतार डोळ्यांसमोर आणा. इगतपुरी तालुक्याच्या पूर्वेचे पाणी ओढ्या-नाल्यांनी दारणेच्या खोऱ्यात जाते. दारणेवरचे धरण 1916 चे. दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि निफाड तालुक्यात नांदूर-मध्यमेश्वरला ते पाणी थांबते. 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ज्या पाणथळीची नोंद झाली, ती हीच. हिवाळ्यात दूरदेशीची बदके तिथे उतरतात. तिथून कालवे निघतात, शेते भिजतात, आणि उरलेले पाणी पैठणच्या जायकवाडीकडे जाते. घाटमाथ्यावर सांडलेली गोष्ट मराठवाड्याच्या वाटेवर असते.

आणि पाऊस. 2025 साली तो फार लवकर आला. 26 मे रोजी, म्हणजे मुंढेगावची आग लागल्यानंतर पाचच दिवसांनी, मान्सून मुंबईत पोहोचला. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. इगतपुरीचा पाऊस कसा असतो हे तिथे भातलावणी केलेल्याला विचारा. ढगाला राख आणि माती यांतला फरक कळत नाही. म्हणून आगीनंतरची सफाई ही घड्याळाशी लावलेली शर्यत असते, आणि सगळ्या मननात हीच एक गोष्ट घाईची आहे.

ती सफाई जवळून पाहू या. सगळ्यात आधी आवारातले पाणी बाहेर नेणाऱ्या पावसाळी गटाराचे तोंड वाळूच्या पोत्यांनी बुजवायचे. उताराच्या बाजूला मातीचा बांध घालायचा. साचलेले पाणी पंपाने टँकरमध्ये ओढायचे, आणि ओढण्याआधी त्यात रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी बुडवून ते आम्ल आहे की अल्क हे पाहायचे. राखेच्या ढिगांवर ताडपत्री पडली पाहिजे, तिच्या कडा दगडांनी दाबल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात सगळे उघडे. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे तडकलेले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते आधी भिजवून, न फोडता, अलगद उचलायचे. वरची काळी माती खरवडून पिंपांत भरायची, प्रत्येक पिंपावर आत काय आहे ते लिहायचे, आणि ते सारे घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवायचे. राज्यात रांजणगाव, तळोजा, महापे, बुटीबोरी इथे अशी केंद्रे आहेत. मग आजूबाजूच्या विहिरींचे नमुने. तेलासाठी काचेची बाटली, धातूंसाठी प्लॅस्टिकची. सील, तारीख, सही. एकदा घेऊन भागत नाही. भूजल हळू चालते, विहिरीत दोष उतरायला महिने लागतात, म्हणून पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यात एकदा, नंतर पुन्हा.

हे करणाऱ्या हातांकडे पाहा. बंबावरच्या जवानांची छायाचित्रे छापून येतात आणि ती यायलाच हवीत. खरवडणाऱ्या, भरणाऱ्या, उचलणाऱ्या माणसाचे छायाचित्र येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल धुळीचे मोठे कण अडवतो, वायू अडवत नाही. जाड हातमोजे, गमबूट, गाळणी लावलेला मुखवटा आणि काम संपल्यावर तिथेच अंघोळीची सोय, एवढे त्या माणसाला मिळाले पाहिजे, कारण तेच कपडे घालून तो घरी जातो आणि पोर धावत येऊन पायाला बिलगते.

न केलेली सफाई कुठे जाते, तेही एकदा मनात आणा. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन घातक कचरा 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला हलवला गेला. वायुकांड 1984 चे. चाळीस वर्षे तो तिथेच होता आणि आसपासच्या वस्त्या जमिनीखालचे पाणी वापरत होत्या. तिथली माती आणि भूजल आजही पुरते साफ झालेले नाही.

एक शेवटचा दीर्घ श्वास घ्या आणि सोडा. आता उठायचे आहे, कारण हे मनन बसल्या जागी पुरे होत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या उद्योगाने आसपासच्या लोकांना धोका काय आणि अपघातात काय करायचे हे आधीच सांगितले पाहिजे, असे 1989 चे नियम म्हणतात. 1996 च्या नियमांनुसार असे उद्योग असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संकट गट असायला हवा. प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च भरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगून ठेवले आहे. या सगळ्याला जाग येते ती कुणी विचारले तर.

तुमच्या गावाजवळ कारखाना असेल, प्लॅस्टिकचे गोदाम असेल, भंगाराचे गाळे असतील, तर 1 मेच्या ग्रामसभेला जा. शहरात राहत असाल तर नगरसेवकाला आणि महापालिकेला लेखी पत्र द्या. फार काही बोलायची गरज नाही. तीन प्रश्न पुरेत: आत काय काय साठवले आहे? आग लागली तर विझवलेले पाणी कुठे अडवणार? नंतर आमच्या विहिरी कोण तपासणार आणि किती वेळा? उत्तर आले नाही तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची प्रत मागून घ्या, आणि 15 ऑगस्टच्या सभेत तीच प्रत हातात घेऊन पुन्हा उभे राहा.